टेकडीवरच्या कॉलेजची चाचणी फेरी

कॉलेजांची यादी करण्याचं काम घरातल्या माणसांवर सोडण्यासारखं नाही, असं वेळापत्रकवाल्यांचं ठाम मत होतं. घरातली माणसं म्हणजे बायको आणि मुलगी. ते स्वतः मनाने घरातले नव्हतेच; ते डेपोतले होते. शहरातली कुठली बस कधी सुटणार आणि कुठे वळणार हे गेली कित्येक वर्षं तेच ठरवत होते, म्हणून डेपोपासून गल्लीपर्यंत सगळे त्यांना वेळापत्रकवाले म्हणत. इतक्या वर्षांत त्यांच्या आखणीत एकही चूक निघाली नव्हती. बसगाड्या उशिरा येत, पण तो बसगाड्यांचा दोष.

मुलीची यादी एका नावाची होती. तिला नकाशे काढायला शिकायचं होतं आणि ते शिकायचं तर टेकडीवरच्या कॉलेजातच, असं तिने ठरवून टाकलं होतं. बायकोची यादीही एकाच नावाची होती. फाटकाजवळचं कॉलेज, कारण ते घरापासून चालत जाण्याजोगं. बायको दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. तोंडात बोट घालून माप घेतल्याशिवाय कवळी बसत नाही, तेव्हा कॉलेजंही आधी जाऊन बघून या, एवढंच तिचं म्हणणं होतं. वेळापत्रकवाल्यांनी ते हसून सोडून दिलं. जाऊन बघणं ही हौशी माणसांची पद्धत.

त्यांनी डेपोतून एक मोठा पांढरा तक्ता आणला आणि जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर ठोकला. त्यावर तीन ओळी आखल्या. वरची ओळ लांब पल्ल्याच्या गाड्यांची, म्हणजे जिथे प्रवेश मिळणं अवघड अशा कॉलेजांची. मधली नेहमीच्या गाड्यांची, जिथे बहुधा जमून जाईल. खालची राखीव गाड्यांची, जिथे काहीही झालं तरी घेतीलच. सगळ्या गाड्या लांब पल्ल्याच्या ठेवल्या तर एखाद्या दिवशी सगळा डेपो रस्त्यात बंद पडतो, आणि सगळ्या राखीव ठेवल्या तर कुणी कुठे जातच नाही, असं त्यांनी भाजी वाढून घेता घेता समजावलं. बोलणं इतकं बिनचूक होतं की मुलीलाही त्यात खोट काढता येईना. नऊ कॉलेजं ठरली. प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी तयार झाली.

अडलं ते पुढे. कुठली चिठ्ठी कुठल्या ओळीत लावायची? मुलगी म्हणाली, त्यात काय, मागच्या वर्षी किती गुणांपर्यंतच्या मुलांना घेतलं ते कॉलेजं जाहीर करतात, ते बघू आणि माझ्या गुणांशेजारी ठेवू. वेळापत्रकवाल्यांना तिच्या भोळेपणाचं कौतुक वाटलं. कागदावर सगळ्याच गाड्या वेळेवर पोचतात, ते म्हणाले. नवा मार्ग सुरू करायचा तर डेपो आधी त्यावरून एक रिकामी बस फिरवून आणतो. ती कुठे अडकते, कुठे सुटते ते बघून मगच माणसं बसवायची.

"पण इथे रिकामी बस कोण होणार?" मुलीने विचारलं.

त्यांनी तिला आमटी वाढायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डेपोच्या संगणकावर बसून वेळापत्रकवाल्यांनी तीन अर्ज भरले. चिठ्ठ्या सकाळी तात्पुरत्या अंदाजाने लावल्या होत्या, त्यांतलं प्रत्येक ओळीतलं एक कॉलेज घेतलं: टेकडीवरचं, नदीकाठचं आणि फाटकाजवळचं. अर्जदार ते स्वतः. वयाचा रकाना होता, तो त्यांनी प्रामाणिकपणे भरला. फोन नंबर घरचा दिला, सगळ्यांच्या सामाईक मोबाईलचा. मुलीचा टेकडीचा अर्ज त्यानंतर दोन दिवसांनी गेला, आणि त्यातही घरचाच नंबर होता.

डेपोच्या संगणकावर पहिलं उत्तर फाटकाजवळच्या कॉलेजचं आलं. एका ओळीत नकार. वेळापत्रकवाल्यांच्या ते चांगलंच जिव्हारी लागलं. ज्या कॉलेजला आपण राखीव धरत होतो त्याने आपल्याला दारातूनच परत पाठवावं? मग त्यांचा राग निवळला आणि त्या जागी आदर आला. त्यांनी ती चिठ्ठी राखीव ओळीतून उचलली आणि लांब पल्ल्याच्या ओळीत, सगळ्यात पुढे लावली.

नदीकाठच्या कॉलेजचं काहीच आलं नाही. ते होतं तिथेच राहिलं.

टेकडीवरच्या कॉलेजने मात्र आपला अर्ज वाचून फार आनंद झाला, मुलाखतीला अवश्य या, असं कळवलं. वेळापत्रकवाले ते वाचून खुर्चीत जरा ताठ बसले. मग त्यांच्यातला व्यावसायिक जागा झाला. शाळा सोडून तीस वर्षं झालेल्या माणसाला जे कॉलेज इतक्या आनंदाने बोलावतं, ते आपल्या हुशार मुलीला उचलूनच नेईल. टेकडीची चिठ्ठी राखीव ओळीत आली.

बायकोने संध्याकाळी तक्त्याकडे बघितलं आणि घराजवळचं कॉलेज एकाएकी इतकं अवघड कसं झालं ते विचारलं. तो विषय संपला आहे, असं तिला सांगण्यात आलं. मुलगी मात्र टेकडीच्या चिठ्ठीसमोर बराच वेळ उभी राहिली.

"बाबा, नक्की?"

"मी खात्री केल्याशिवाय चिठ्ठी हलवत नाही."

डेपोतले चालक वेळापत्रकवाल्यांच्या कागदावर डोळे मिटून गाडी काढतात, हे ऐकतच मुलगी मोठी झाली होती. तिनेही डोळे मिटले. हवं ते कॉलेज हातात आलं असताना बाकीचे अर्ज कशाला भरायचे? तिने ते भरलेच नाहीत. ती उशिरापर्यंत झोपू लागली, पोहायला जाऊ लागली आणि मैत्रिणींना अभ्यासाचे सल्ले देऊ लागली. घरात इतकी शांतता पसरली की वेळापत्रकवाल्यांनी डेपोत दोन सहकाऱ्यांना त्यांच्या मुलांचे तक्ते करून द्यायचं कबूल केलं.

अर्जांच्या शेवटच्या दिवशी सकाळी तिघंही नाश्त्याला बसले असताना घरच्या फोनवर टेकडीच्या कॉलेजचा निरोप आला. मुलीने तो वाचून दाखवला. एकाच नंबरवरून दोन अर्ज आल्यामुळे नंतरचा अर्ज रद्द केला आहे. आधीच्या अर्जदाराने आज अकरा वाजता मुलाखतीला हजर राहावं.

तिने तो पुन्हा एकदा, आता सावकाश, मनात वाचला.

"नंतरचा अर्ज माझा. मग आधीचा अर्जदार कोण?"

वेळापत्रकवाल्यांनी घास पुरता गिळला. त्यांनी तक्त्याकडे बघितलं, पण तक्ता मदतीला आला नाही.

"रिकामी बस," ते म्हणाले.

पुढची काही मिनिटं घरात फक्त तेच बोलत होते. त्यांचं सांगून झाल्यावर मुलगी अगदी हळू आवाजात म्हणाली, "आज शेवटची तारीख आहे, बाबा. मी दुसरीकडे कुठेच अर्ज केलेला नाही. तुम्ही टेकडी राखीव ठेवली होती म्हणून." ती रडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. बायको काहीच बोलली नाही. कवळीला शेवटची कानस मारताना ती अशीच गप्प असते, आणि त्या वेळी तिच्या हातात धारदार हत्यार असतं.

तिघं टेकडीच्या बसमध्ये बसले. बस नदीकाठाने गेली. तिथल्या कॉलेजची काही मुलं गुडघाभर गवतात उंच काठ्या रोवून कसली तरी मापं घेत ओरडत होती. मुलगी मान वळवून वळवून त्यांच्याकडे बघत राहिली. टेकडीवर पोचायला बसला उशीर झाला. त्यावर कुणी काही बोललं नाही, हे वेळापत्रकवाल्यांना जास्त लागलं.

प्रवेशाच्या खिडकीत चष्मा कपाळावर चढवलेल्या एक कारकूनबाई होत्या. एका नंबरवर एकच अर्ज चालतो, त्यांनी सांगितलं, दोन्हीतला एक जायला हवा. हे ऐकताच वेळापत्रकवाल्यांनी शर्ट नीट खोचला. दोन मिनिटांत माझा अर्ज मागे घेऊन येतो, असं म्हणून ते मुलाखतीच्या खोलीत शिरले आणि दार लागलं.

आत तीन प्राध्यापक होते. वेळापत्रकवाल्यांनी अर्ज मागे घेण्याविषयी तोंड उघडण्याआधीच आपण काय काम करता, असा साधा प्रश्न आला. त्यांनी ते सांगितलं. तिघांनीही हातातली पेनं खाली ठेवली.

"म्हणजे टेकडीच्या बसचं वेळापत्रक तुम्ही करता?" त्यातले सगळ्यात वयस्कर प्राध्यापक म्हणाले. "बरे सापडलात."

बाहेर बाकावर मायलेकी बसून होत्या. दोन मिनिटं केव्हाच होऊन गेली. आतून आवाज चढू लागले, फळ्यावर खडू करकरू लागला. टेकडीची बस पायथ्याच्या थांब्यामुळे रखडते, असं प्राध्यापकांचं म्हणणं होतं, आणि वेळापत्रकवाले त्या थांब्याची बाजू लढवत होते. मुलगी उठून परत खिडकीशी गेली आणि तिने विचारलं, माझा नंबर वेगळा असता तर?

"तर काय, दोन्ही अर्ज चालले असते," कारकूनबाई म्हणाल्या. "तेच सांगत होते, पण तुमचे वडील ऐकायला थांबले कुठे?"

आईने स्वतःचा नंबर दिला. बाईंनी तो लिहून घेतला, दोन कळा दाबल्या आणि मुलीचा अर्ज पुन्हा जिवंत झाला. मुलीने तिथेच उभ्या उभ्या सगळं विचारून घेतलं. तिच्यासारख्यांसाठी जागा तीस, अर्ज शेकडो. मोठ्या वयाच्या नोकरदारांसाठी शनिवारच्या वर्गाची एक वेगळी जागा, आणि त्या जागेसाठी आलेला अर्ज एकच.

"म्हणजे बाबांची स्पर्धा कुणाशीच नव्हती?"

"रिकाम्या खुर्चीशी होती ना," बाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी खुर्चीच निवडली गेली."

मुलीला हसू आलं, तशी आईलाही फुटलं. फाटकाजवळच्या कॉलेजात प्रवेशाला वयाची अट होती, हे मुलीला आईच्या फोनवर शोधल्यावर क्षणात मिळालं. मग ती बाकावर मांडी घालून बसली. मागच्या वर्षीचे आकडे तिने आपल्या गुणांशेजारी ठेवले. टेकडी आणि आणखी एक कॉलेज अवघड. नदीकाठचं आणि त्याच्यासारखी आणखी तीन बहुधा जमणारी. फाटकाजवळचं नक्की, आणि त्याच्या जोडीला दुसरंही एक. ज्यात गेल्यावर आपण रडत बसू असं एकही नाव तिने ठेवलं नाही. आई शेजारी बसून माहिती सांगत होती, मुलगी अर्ज भरत होती. दुपारपर्यंत सगळे गेले.

मग आईने दार न वाजवताच मुलाखतीची खोली उघडली. वेळापत्रकवाल्यांचे हात कोपरापर्यंत खडूने माखले होते.

"अहो, तुम्ही अर्ज मागे घ्यायला आला होतात."

"हो की. ते राहिलंच."

"आता राहू दे. तिचं काम झालं." मग ती वयस्कर प्राध्यापकांकडे वळली आणि म्हणाली की खालची कवळी बोलताना उचलली जाते आहे, एकदा दाखवून घ्या.

परतीच्या बसमध्ये मुलगी वडिलांशेजारी बसली. रिकामी बस फिरवायला हरकत नव्हती, ती म्हणाली, फक्त ती भलत्याच रस्त्याने गेली. वेळापत्रकवाल्यांनी मान हलवली. घरी पोचल्यावर ते तक्ता काढायला निघाले, तर मुलीने तो राहू दिला. तिने सगळ्या चिठ्ठ्या आपल्या हिशोबाने लावल्या, आणि त्यांनी मागे उभं राहून एकही सूचना केली नाही. ओठ दोनदा हलले, तेवढंच.

टेकडीने मुलीला नाही म्हटलं. एक दिवस ती खोलीबाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी नदीकाठच्या कॉलेजचा होकार आला, आणि पहिला आठवडा संपता संपता ती गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन घरी येऊ लागली. जेवताना ती मापांच्या काठ्यांबद्दल इतकं बोलायची की टेकडीचा विषय काढायला कुणाला जागाच मिळेना.

टेकडीवर वेळापत्रकवाल्यांची मात्र निवड झाली. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं, असं ते सांगतात. दर शनिवारी ते दप्तर घेऊन जातात. पहिला गृहपाठ होता, आपण राहतो त्या भागाचा आठवणीने नकाशा काढा. ते दोन दिवस त्यावर ओणवे होते. रविवारी त्यांनी तो मुलीला तपासायला दिला. सगळे थांबे होते, सगळी वळणं होती, गतिरोधक आणि सिग्नल होते, चालक चहाला गुपचूप गाडी उभी करतात ती जागाही होती. मुलीने नकाशा बराच वेळ उलटसुलट फिरवला.

"सगळं आलंय, बाबा. पण आपलं घर कुठेय?"

वेळापत्रकवाल्यांनी चष्मा लावला, कागद जवळ ओढला आणि गल्लीवरून दोनदा बोट फिरवलं. बायकोही येऊन त्यांच्या खांद्यावरून बघू लागली.

"आपल्या घरापाशी," ते शेवटी म्हणाले, "बस थांबत नाही."