खालच्या मंडईने भिंत राखिली त्याची बखर

श्रीगणराय कृपाळू असोत, ग्रामदेवीचा हात डोईवर असो आणि तराजूचा काटा मध्यावर राहो. शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सर, त्या साली खालच्या मंडईच्या राज्यात जे वर्तमान घडले ते साद्यंत लिहून ठेवावे ऐशी सर्व ओटेकरांची आज्ञा जाहली, म्हणोन लिहितो. लिहिणारा याच पेठेत वाढला, याच मंडईची भाजी खाऊन मोठा जाहला, सबब आपल्या लोकांची तारीफ अंमळ जास्त होईल. वाचणारांनी तीस तारीफ न समजता निव्वळ हकीकत समजावी.

तर राज्य ते कैसे? शहराच्या मध्यभागी काळ्या दगडाचे एक लांब दालन, दोहों अंगांस कमानी, वर कौले, कमानींच्या मागे चुन्याच्या जाड भिंती, आणि आत दगडी ओट्यांच्या रांगा. ओटा हेच येथील सिंहासन. मुलुखाचे प्रांत तीन, पालेभाजी, कांदाबटाटा आणि फळफळावळ, आणि तिन्ही प्रांतांवर शब्द चाले तो पालेभाजीच्या चंद्रभागाबाई कुदळे यांचा, ज्यांस लहानथोर अवघे अक्का म्हणत. अक्कांच्या सासूबाई त्याच ओट्यावर बसल्या, आणि त्यांच्याही सासूबाई त्याच ओट्यावर बसल्या, आणि बसून बसून दगडास मध्ये गुळगुळीत खोलगट जागा जाहली, तीत अक्का बसत. फळांच्या प्रांताचे सरदार इस्माईलभाई बागवान, आवाज खणखणीत, राग नाकावर, परंतु मन साफ. अक्का आणि इस्माईलभाई यांचे रोज सकाळी कशावरून तरी वाजे, आणि मग एका चहाचे दोन करून मिटे.

आता आमच्या लोकांच्या हातून जो प्रमाद जाहला तोही लिहिला पाहिजे, नाहीतर पुढची मोहीम कळायची नाही. अगोदरच्या साली मंडईस शंभर वर्षे पुरी जाहली. तेव्हा दरबार भरला, आणि आपली मंडई झळकली पाहिजे ऐसे ठरले, आणि पदरमोड करून पिस्त्याच्या रंगाचा उंची ऑईलपेंट आणिला, आणि चुन्याच्या भिंतींस वरपासून खालपर्यंत चोपडला, आणि हुरूप इतका की उरलेला रंग दगडी कमानींसही फासला. प्रेमात माणूस कोठे थांबतो! मंडई ऐशी चमकली की शेजारी वांगी फिकी दिसो लागली, आणि अवघे ओटेकर रस्त्यापलीकडे उभे राहून आपल्याच घराकडे पाहत बसले. मग पावसाळा आला, आणि भिंतीत पाणी शिरले, आणि रंगामुळे ते बाहेर येईना, आणि भिंत आतल्या आत फुगत गेली, आणि आश्विनात भर बाजारी गिलाव्याचा एक मोठा पोपडा सुटून इस्माईलभाईंच्या ओट्यावर पडला. माणसे बचावली. पपया रणात कामास आल्या.

हे वर्तमान मोठ्या कचेरीस कळले, आणि कचेरीहून बांधकाम खात्याचे साखळकर साहेब कूच करून आले, आणि भिंत पाहोन त्यांनी हुकूम सुनावला की इमारत धोकादायक आहे, ती पाडून येथे मोटारी ठेवण्याची बहुमजली इमारत उठेल आणि ओटेकरांस तिसऱ्या मजल्यावर गाळे मिळतील. अक्का पदर खोचून पुढे जाहल्या. "तिसऱ्या मजल्यावर कोथिंबीर घ्यायला कोण चढतंय, साहेब? तुमच्या घरचं तरी कुणी चढंल का?" साहेब बोलिले, "लिफ्ट असणार आहे." अक्का म्हणाल्या, "तुमच्या कचेरीतली चालू आहे का?" साहेब क्षणभर खाली पाहू लागले, कारण ते स्वतः रोज जिन्यानेच चढत. गृहस्थ मुळात भला. मग ते बोलिले, "अक्का, मला पाडायची हौस नाही. पण भिंत पडून कुणी दगावलं तर काय करू? फाल्गुनापर्यंत धड करून दाखवा. मी हातोडी मारून बघेन. पोकळ वाजली, तर माझा नाइलाज आहे." ऐसे बोलोन साहेब गेले. त्या दिवशी अक्कांनी माल उरलेला असताही ओटा आवरून धुतला, आणि ओल्या दगडावर हात ठेवून उगी बसल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहिले. अक्का रडू शकतात हे तोवर आम्हांस ठाऊकच नव्हते.

पेठेत ऋता पोंक्षे नामे एक बाई राहत, जुन्या इमारती दुरुस्त करणे हा त्यांचा व्यवसाय, आणि त्या नित्य मंडईतून भाजी नेत. त्यांस पाचारण केले. ऋताबाईंनी भिंतीस कान लाविला, नखाने रंगाचा पापुद्रा काढिला, आणि पुसिले, "हा ऑईलपेंट कोणी मारला?" तेव्हा तिन्ही प्रांत छाती काढून एका सुरात बोलिले, "आम्ही!" बाई म्हणाल्या, "मग भिंत तुम्हीच आजारी पाडलीत. चुन्याची भिंत श्वास घेत असते. तिला तुम्ही बारा महिने रेनकोट घातलात. आधी हा सगळा रंग खरवडून काढा." तेव्हा इस्माईलभाई खवळले, "शंभरीचा रंग आहे तो! पपया माझ्या गेल्या, तरी मी म्हणतो, रंगाला हात लावायचा नाही!" मग अक्का शांतपणे बोलिल्या, "इस्माईलभाई, पोराला लाडानं लाडू चारले आन् पोट बिघडलं, तर डाक्टरशी भांडायचं व्हय?" इस्माईलभाईंनी भिंतीवर एकवार हात फिरविला, आणि पुसिले, "खरवडायचा पत्रा कुठं मिळतो?"

मग मोहीम मांडली. दुपारी बाजार मंदावला की पडदे सोडावे आणि भिंतीवर तुटून पडावे ऐसा क्रम लाविला. कांदाबटाटा प्रांताने उत्तरेची बाजू घेतली, फळवाल्यांनी दक्षिणेची, आणि पेठेतील तालमीचे पैलवान आपण होऊन आले, आणि शाळेच्या बाई आल्या, आणि भजनी मंडळाच्या बायका तोंडास फडके बांधून आल्या आणि अभंग म्हणत खरवडू लागल्या. पिस्त्याच्या रंगाचे ढीग पडले. खालून जुना चुना उघडा जाहला, आणि कमानींचा काळा दगड पुन्हा दिसला, आणि त्यावर छिन्नी-टाक्यांचे घाव ऐसे नेमके की पैलवानही हात फिरवीत राहिले. आपल्याच वस्तूचे रूप आपण झाकले होते हे पाहोन आमचे लोक शरमले, आणि शरमून दुप्पट जोराने कामास लागले.

मग चुना मळण्याची वेळ आली. बाहेरगावाहून जाणते गवंडी आणिले. मंडईमागे जुनी चुन्याची घाणी होती, गोल चर आणि त्यात फिरावयाचे दगडी चाक, परंतु चाक ओढावयास बैल शहरात मिळेना. तेव्हा इस्माईलभाईंनी आपला तीनचाकी टेम्पो जुंपिला, आणि गोल गोल फिरविला, आणि इतका फिरविला की उतरल्यावर ते सरळ चालता चालता आपोआप डावीकडे वळू लागले. चुन्यात वाळू पडली, गूळ पडला, बेलफळाचे पाणी पडले. गुळाचा वास लागताच मुंग्यांची अफाट फौज चालून आली, तीस भजनी मंडळाने हळदीची रेघ ओढून पलीकडेच रोखिली. पुढे गिलावा चढला, आणि ऋताबाईंनी सर्वांस एकत्र करून सांगितले, "आता खरं अवघड काम. महिनाभर हा गिलावा वाळू द्यायचा नाही. पाणी ओतायचं नाही, धारही सोडायची नाही. हलक्या हातानं शिंपडत राहायचं, दिवसभर. इथेच सगळीकडे कामं बिघडतात, माणसं कंटाळतात." हे ऐकोन पालेभाजी प्रांतात ऐसा हशा पिकला की ऋताबाई गोंधळल्या. अक्का म्हणाल्या, "बाई, आमचा जन्म शिंपडण्यात गेला. सकाळची मेथी सांजच्याला आत्ता उपटल्यावानी दिसती, ती काय उगंच? तुम्ही घरी जावा निवांत." आणि तैसेच जाहले. एक शिंपडा मेथीवर, एक भिंतीवर, एक चुक्यावर, एक भिंतीवर, बोलता बोलता, भाव करता करता, गिऱ्हाइकाशी भांडता भांडताही हात चुकला नाही. ऐशी भिंत कोण्या राजाच्या महालासही मिळाली नसेल, हे मी छातीवर हात ठेवून लिहितो.

फाल्गुन आला, आणि साखळकर साहेब हातोडी घेऊन आले. अवघा बाजार उभा राहिला. साहेबांनी ठोकिले, भिंत भरीव वाजली. पुढे ठोकिले, भरीव वाजली. इस्माईलभाई मागोमाग बोटाच्या पेरांनी टकटक करीत चालिले, जैसे कलिंगड पाहतात तैसे, आणि शेवटास दोघांनी एकमेकांकडे पाहोन मान डोलाविली. जयजयकार जाहला, पेढे वाटले. परंतु विजयातच संकट दडले होते. साहेब हर्षाने बोलिले, "इतकी देखणी वास्तू शहरात दुसरी नाही! कचेरीच्या थोरल्या साहेबांना दाखवलीच पाहिजे." आणि थोरल्या साहेबांकडून उलट हुकूम आला की, वास्तू जपण्याजोगी आहे, म्हणोन येथे भाजीची घाण नको. येथे प्रदर्शने भरतील, ओटेकरांस अन्यत्र जागा पाहू. आणि खासे पाहणीस येत आहेत, तरी त्या दिवशी दालन रिकामे आणि स्वच्छ असावे.

इस्माईलभाई टेम्पो आडवा घालावयास निघाले. अक्कांनी त्यांस आवरिले. "रिकामं म्हणत्यात ना? रिकामंच दावू. एक पान ठिवायचं नाही आत." हुकूम तो हुकूम. नेमल्या सकाळी ओटे धुतले, आणि पाट्या उचलून तिन्ही प्रांत रस्त्यापलीकडे जाऊन बसले, आणि कोणी हाळी दिली नाही. थोरले साहेब आले, आत गेले. दालन सुंदर होते, यात संशय नाही. साहेब चालिले, तो त्यांचेच बूट वाजले. ते बोलिले, तो त्यांचाच आवाज फिरून आला. कमान पाहिली, भिंत पाहिली, मग परत कमान पाहिली, आणि मग साखळकरांस हळूच पुसिले, "इथं आता बघायचं काय?" साहेब बाहेर पडले, आणि रस्त्यापलीकडे अक्कांची पाटी पाहोन त्यांस आठवले की आज घरून मेथी आणावयास सांगितले आहे, कारण थोर पदावरील पुरुषांसही घरून हुकूम असतातच. ते अक्कांपुढे येऊन म्हणाले, "मावशी, मेथी आहे का?"

"हाय की," अक्का बोलिल्या. "पर भवानी व्हायची हाय. दिवसाची पहिली विक्री मी ओट्यावर बसल्याबिगर करत न्हाई. सासूबाईंनी घालून दिलेलं हाय, मोडायचं न्हाई." अक्का उठल्या, पाटीजवळ वाकल्या, आणि बाजारातील कोणतीही बाई वाटेवरल्या कोणाही माणसास म्हणते तैसे सहज म्हणाल्या, "जरा पाटीला हात लावा, साहेब." पाटीला हात लावा म्हटल्यावर नाही म्हणणारा माणूस आमच्या मुलखात जन्मलाच नाही. साहेबांनी बाह्या सरसावल्या, वाकले, आणि मेथीने भरलेली जड पाटी उचलून अक्कांच्या डोईवर दिली. अक्का चालू लागल्या. साहेब मागोमाग गेले. कमानीखालून अक्का आत शिरल्या, आपल्या खोलगट जागेत बसल्या, जुडीवर पाणी शिंपडले, एक हबका सवयीने भिंतीवर मारिला, आणि मेथी पुढे केली, "घ्या. दिवस चांगला जाईल." तोवर मागे अवघा रस्ता उठला होता. कांदे आले, पपया आल्या, हाळ्या सुरू जाहल्या, आणि साखळकर साहेबही कोणाच्या तरी पाटीस हात लावीत होते. थोरले साहेब हातात जुडी धरून मध्ये उभे राहिले, चहूंकडे पाहिले, आणि कोणास उद्देशून नव्हे ऐसे बोलिले, "हां. हे बघायचं होतं." तेथेच, ओट्यावर कागद ठेवून, मंडई ही मंडईच राहील ऐसा हुकूम त्यांनी लिहून दिला, आणि त्या कागदावर मेथीचे पाणी उडाले ते आजही दिसते.

येणेप्रमाणे जाहले ते लिहिले, कमी नाही, जास्तही फारसे नाही. भिंत उभी आहे, अक्का ओट्यावर आहेत, इस्माईलभाईंशी त्यांचे आज सकाळीही वाजले. पुढे जो कोणी या राज्यावर चालून येईल त्याने आधी पाटीला हात लावावा, मग बोलावे. लेखनसीमा.