गोळाभाताचं पान

नानाजी ठवकर रोज संध्याकाळी मेलेल्या मांजरांना जेवायला हाका मारत.

हे मला ठाऊक नव्हतं, तेव्हाची गोष्ट. ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारकुनी मिळाली म्हणून मी अमरावती रोडवरच्या वाडीला खोली घेतली होती. पहिल्याच संध्याकाळी भिंतीपलीकडून खणखणीत आवाज आला, "पाटवडी! तर्री! सांबारवडी! गोळाभात! चाला, लवकर चाला!" मी दिवसभराचा उपाशी. हात धुतले, केस विंचरले आणि खानावळ समजून आत शिरलो. तिथं म्हाताऱ्या बैलांचं आणि लंगड्या गाईंचं पांजरपोळ होतं. कडब्याच्या गंजीवरून मांजरं उतरत होती आणि मधोमध दुधाचं भगोनं घेऊन दिवाणजी उभे होते. तेच नानाजी.

"बस," ते मला म्हणाले. "रांगेत बस पण."

अमरावती रोडवर ट्रकखाली अर्धंमुर्धं सापडलेलं प्रत्येक मांजर नानाजींकडे येई. पांजरपोळ चालवणाऱ्या शेठ लोकांनी कुरकुर केली, की "उंदीर कोणी धराचे, तुम्ही?" एवढं विचारून ते विषय संपवत. पुष्कळशी मांजरं वाचत नसत. त्यांना मागच्या कडुलिंबाखाली जागा मिळे, वर एक दगड. पण संध्याकाळच्या हाकेतून नाव जात नसे.

"नानाजी, तर्री तर मेली ना?"

"मेली म्हणून काय नाव खोडू? तुले नाही समजाचं. तू दूध पी."

मी दूध पीत असे. मांजरांचंच.

गोळाभात मात्र लाडकी. पांढरीशुभ्र, अंगावर पिवळे गोल ठिपके. ती नानाजींच्या खाटेवर पायथ्याशी निजे आणि दिवसा कावळ्यांच्या मागे लागे. त्या श्रावणात ती गेली. म्हातारीच होती. त्यानंतर नानाजी हाका मारत, पण "सांबारवडी"पर्यंत आले की थांबत आणि भगोनं खाली ठेवत.

त्याच सुमारास एका ड्रायव्हरनं एक पिल्लू आणून दिलं. इतकं धांदरट, की पाणी प्यायला गेलं तर वाटीत पडे. त्याला नाव मिळालं नाही.

"नावं संपली," नानाजी म्हणाले.

"पुरणपोळी आहे की अजून!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी उगाच एका बैलाची पाठ थोपटायला गेलो. बैलानं लाथ मारली.

सर्वपित्रीला त्यांनी मला बोलावलं. गोळाभाताचं पान वाढायचं होतं. मांजराचं श्राद्ध मी पाहिलं नव्हतं, पण जेवण असेल अशा आशेनं गेलो. नानाजींनी स्वतः गोळाभात रांधला होता. गोळे दगडासारखे, भात पिठासारखा. पान भिंतीवर ठेवलं. जिवंत मांजरांना कडब्याच्या खोलीत कोंडायचं काम माझं. कडी लावून, उरलंसुरलं न्यायला आणलेली झोळी खांद्याला आणि काठी हातात घेऊन मी राखणीला उभा राहिलो.

कडुलिंबावर कावळा होता. हलेना.

नानाजी हात जोडून म्हणाले, "तर्रीच्या बाजूले जागा देली तुले, शेजार चांगला आहे." कावळा ढिम्म. "खाटेवर तुह्या जागी कोणाले निजू देत नाही." कावळ्यानं चोच पुसली.

मला राहवलं नाही. "नानाजी, जिनं जन्मभर कावळे धरले, तिचं पान कावळा कशाला शिवेल?"

मला वाटलं, हसतील. ते भिंतीला टेकून खाली बसले आणि पहिल्यांदाच बायकोबद्दल बोलले.

"हिले आमच्या बुढीनं आणलं होतं गा. शेवटचं. बुढी गेली, पण ही होती तं वाटे, थोडीशी राहिली घरात. आता ही तिच्यापाशी पोचली का नाही, तेवढंच पाहाचं होतं मले. कावळा शिवला असता तं समजलं असतं." मग म्हणाले, "नावं तरी कोणाची आहेत? समदं तिच्या हातचं."

मी काठी उगाच या हातातून त्या हातात घेतली. तेवढ्यात खांद्यावरची माझी झोळी हलली. कोंडायला विसरलेलं ते पिल्लू आत झोपलं होतं. त्यानं भिंतीवर उडी मारली, पानावर पडलं, द्रोण उलटा केला आणि सांडलेलं चाटायला लागलं. मी काठी उगारली. नानाजींनी ती धरली.

"खाऊ दे."

गोळा त्याच्या तोंडातून निसटे, भिंतीवरून खाली घरंगळे, ते पुन्हा दुसरा धरी. नानाजी बघत राहिले.

"सांडते कसं पाह्य! बुढीले समदं जमे, एक पुरणपोळी नाही जमली. पोळी हातात, पुरण तव्यावर. दर होळीले मी हासो. ती चिडे, मंग तिलेही हासू ये." त्यांनी घरंगळलेला एक गोळा उचलून पुन्हा पानावर ठेवला. "ते नाव घेतलं असतं तं हासू आलं असतं मले. एकट्यानं कसं हासाचं?"

कावळा केव्हा उडून गेला, आम्ही दोघांनीही पाहिलं नाही.

संध्याकाळी मी खोलीत पोळ्या लाटत होतो. भिंतीपलीकडून हाक आली, "पाटवडी! तर्री! सांबारवडी!" मग नेहमीची जागा आली आणि मी लाटणं थांबवलं.

"गोळाभात!"

आणि थोड्या वेळानं, "पुरणपोळी! ए पुरणपोळे, चाल, पडशीन!"

भगोनं उलटल्याचा आवाज आला. मग नानाजींचं हसू. एकट्याचंच. माझी पोळी तव्यावर करपत होती, ती मी करपू दिली.