साहेबांची टोपी सान सिमोनला

"आज साहेबांसमोर असा धडा घेतो, की मला कायम केल्याशिवाय ते जेवायलासुद्धा बसणार नाहीत!"

फिलिबेर्तो मास्तरांनी सकाळी सकाळी ही घोषणा केली, आणि बायकोने तव्यावरची तोर्तिया, म्हणजे मक्याची भाकरी, उलटत विचारलं, "गेल्या वर्षी हेच म्हणाला होतात ना?"

म्हणाले होते. त्याच्या आदल्या वर्षीही म्हणाले होते! आमच्या तळ्याकाठच्या गावात मास्तर अकरा वर्षं शाली विकणाऱ्या बायकांना इंग्रजी शिकवतायत, गिऱ्हाईक परदेशी म्हणून. आणि अकरा वर्षं नोकरी हंगामी. ऑक्टोबर संपला की काढतात, जानेवारीत परत घेतात. आज राजधानीहून उरुतिया साहेब तपासणीला येणार होते. त्यांची एक सही, की मास्तर कायम.

धडा साधाच. 'त्याला, तिला, त्यांना' हे इंग्रजीत कसं म्हणायचं. पण तीन आठवडे बायका 'हिम, हर, देम' नुसतं घोकत होत्या. वाक्य करा म्हटलं की सगळ्या मुक्या! मास्तर अगदी रडकुंडीला आले होते.

साहेब आले, बसले, टोपी टेबलावर ठेवली. पांढरीशुभ्र, बारीक विणीची. मास्तरांना एकदम युक्ती सुचली, आणि तिथेच घात झाला.

"साहेब, टोपी घेऊ का जरा? वस्तू हातात असली की भाषा तोंडात येते."

"घ्या. पण जपून हं. वडिलांची आहे."

खेळ असा, की टोपी कुणाला देतोय ते इंग्रजीत बोलायचं आणि द्यायची. आणि काय आश्चर्य! बायकांच्या जिभा सुटल्या! "आय गिव्ह इट टू हर!" म्हणजे हिला देते. वर्गातला एकुलता एक पुरुष निचो न्हावी, त्याच्याकडे "टू हिम!" दर वाक्याला मास्तर ओरडत होते, "व्हेरी गुड!" साहेबांनी खिशातून पेन काढलं. मास्तरांना सही समोर दिसायला लागली.

टोपी दारापाशी बसलेल्या तोमासाबाईंकडे पोचली. वर्गातल्या सगळ्यात ढ. पुढे द्यायला कुणी उरलंच नाही! बाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. तेवढ्यात बाहेर ढोल वाजले. अठ्ठावीस ऑक्टोबर! गावच्या संताची, सान सिमोनच्या मूर्तीची मिरवणूक दारावरून चालली होती. बाई तडक उठल्या.

"आय गिव्ह इट टू हिम!" त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, आणि संताच्या डोक्यावर आधीच्या दोन टोप्या होत्या, त्यांच्यावर तिसरी चढवली.

अकरा वर्षांतलं बाईंचं पहिलं बिनचूक वाक्य! मास्तरांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "व्हेरी गुड!"

"अहो, माझी टोपी!" साहेब धावले. "काढा ती आधी!"

मिरवणूक थांबली. संताची सेवा करणाऱ्या मंडळींचे म्होरके चेमाबाबा पुढे आले. "सान सिमोनला दिलेलं परत मागताय? माझ्या लहानपणी एकाने मागितलं होतं."

"मग?"

"मग काय! चांगला माणूस होता बिचारा."

साहेबांचा पुढे केलेला हात मुकाट मागे आला. मग ते मास्तरांकडे वळले.

"साहेब, वाक्य मात्र अगदी..."

"तुमचं वाक्य घाला चुलीत!" साहेबांनी पेन खिशात खुपसलं, डोक्यावर रुमाल टाकला आणि भर उन्हात तरातरा निघून गेले.

मास्तर पायरीवर मटकन बसले. संपलं सगळं. आता जानेवारीत परत तरी कोण घेणार?

"मास्तर, माझं काही चुकलं का हो?" तोमासाबाई रडवेल्या झाल्या.

"नाही हो बाई! तेच तर! एक अक्षर जरी चुकलं असतं, तरी मी थांबवलं असतं तुम्हाला!"

चेमाबाबा अजून उभेच होते. "टोपी वाहिली तेव्हा 'व्हेरी गुड' कोण म्हणालं?"

"हिम!" अख्खा वर्ग बोट दाखवून एका सुरात ओरडला. तीन आठवडे ज्यासाठी जीव आटवला, ते आत्ता आलं मेल्यांना!

"मग रीतीप्रमाणे शाबासकी देणाऱ्याकडे सेवा, म्हणजे ही टोपी तुमच्याकडे लागली, मास्तर. दर शुक्रवारी संताकडे यायचं आणि ब्रशने साफ करायची."

"किती दिवस?"

"दिवस कसले? मरेपर्यंत!"

मास्तर घरी आले तेव्हा बायको दारातच उभी होती. "काय, झालात का कायम?"

"झालो," मास्तर म्हणाले. "आपला ब्रश कुठंय?"