दर्यापारच्या पाहुण्याच्या अठरा पत्रांची हकीकत

श्री. सत्य सांगणाऱ्याच्या जिभेस बळ देणारी देवी प्रसन्न असो. शके पंधराशे चौऱ्याऐंशी, शुभकृत् नाम संवत्सर, ज्या साली लखमोपंत दप्तरदारांच्या मातोश्रींचे सहस्रचंद्रदर्शन जाहले, त्या साली राज्यात एक नवाच रिवाज आला. दर्यापारच्या दरबाराने लिहून धाडिले की, आमचा एक बातम्या लिहिणारा अखबारनवीस वर्षभर तुम्हांकडे राहील आणि तुमचा एक आम्हांकडे राहील, दोघे एकमेकांची रीत शिकतील आणि स्नेह वाढेल. महाराज संतोषले. मग आपला चिंतो रंगनाथ तिकडे रवाना जाहला आणि तिकडून सिलवेस्तर नामे अखबारनवीस आला, आणि त्याजवर नजर ठेवण्याचे काम लखमोपंतांकडे आले. पंत मनी म्हणाले, मागितल्यावाचून जेवू घालतो त्याच्या पानात आधी मांजरास तोंड घालू द्यावे. करार ऐसा होता की, पाहुण्याने सर्व पाहावे, आपल्या देशी लिहावे, परंतु इथे कोणास काही सांगू नये.

आपले अखबारनवीस महाराजांची स्वारी कोठे गेली आणि कोणास वस्त्रे दिली, एवढेच लिहीत. हा मात्र रोज पूर्ववेशीच्या विहिरीपाशी बसे, घागरी भरणाऱ्या बायकांशी मोडकेतोडके बोले आणि आठवड्यास एक पत्र लिही. पत्र प्रथम चोरून दप्तरी येई आणि बाबण शेणवी दुभाषी ते वाचून दाखवी. पहिल्यात लिहिले होते, "आज वेशीतून सात तिरड्या गेल्या. त्या साऱ्यांच्या घरची माणसे याच विहिरीचे पाणी पीत. नाला विहिरीत पाझरतो."

पंत म्हणाले, "तिरड्या म्हणजे काय असावे?"

"तिरड्या म्हणजे तिरड्याच, पंत. एक माझ्या शेजारचीच होती."

"तुम्ही भोळे, शेणवीबाबा. समुद्र ओलांडून कोणी मढी मोजावयास येतो काय? सात म्हणजे सात तोफा, आणि विहीर म्हणजे दारूखाना."

मग पत्र आचेवर धरिले आणि हळदीच्या पाण्यात भिजविले, आणि काहीच उमटले नाही, तेव्हा पंतांचा संशय दुणावला. पत्र पुढे गेलेच नाही. ऐशी सतरा पत्रे दप्तरात पडली आणि तिरड्या सातांवरून एकोणिसांवर गेल्या. शेणवी म्हणे, "तोफा वाढल्या हो, पंत." पंत म्हणत, "थट्टा पुरे."

अठरावे पत्र आले ते थेट पंतांच्याच नावे. "लखमोपंत दप्तरदार यांसी. घरून एकाही पत्राचे उत्तर नाही, यावरून समजलो की माझे वाचक तुम्हीच. बोलण्यास मला मनाई आहे, लिहिण्यास नाही. मेहमानखान्यात तेच पाणी येते, दुसरे मागितले ते मिळाले नाही, आज मी अंथरुणास खिळलो. विहीर बंद करा."

पंतांनी पत्र दोनदा वाचून घेतले. म्हणाले, "माझे नाव याला कोणी फोडले?"

शेणवी म्हणाला, "तुम्ही चार महिने त्याच्या मागे चालता आहा. नाव तर वेशीवरची भाजीवालीही सांगेल. विहिरीचे बोला."

"आधी फितूर सापडो."

मग दोन दिवस चौकशी चालली, पहारे बदलले, आणि शेणवीसही कोठडीत बसवून जबानी घेतली. त्या दोन दिवसांत एकतीस माणसे गेली. तिसरे दिवशी पंत स्वतः मेहमानखान्यात गेले. पाहुण्याचे डोळे खोल गेले होते आणि ओठ सुकले होते. पंतांनी पुसिले, "नाव कोणी सांगितले?" त्याने उलट पुसिले, "विहीर बंद?" पंत म्हणाले, "नाही." तेव्हा त्याने भिंतीकडे तोंड फिरविले.

पंतांनी त्याच्या उशाशी त्याच विहिरीच्या पाण्याचा तांब्या पाहिला. मग बाहेर येऊन पायींच विहिरीवर गेले आणि चार हमालांकडून तोंडावर शिळा बसविली. बायका म्हणाल्या, "पंत, कारण तरी सांगा." कारण सांगावे तर परकी पत्रे फोडल्याचे कबूल करावे लागते. पंत म्हणाले, "सरकारी हुकूम. तळ्याचे पाणी न्या." आठ दिवसांत मरी ओसरली आणि दरबाराने पंतांस शालजोडी दिली.

तात्पर्य, रिवाज दोहीकडे उत्तम चालला असे कागदोपत्री नोंदले, चिंतो रंगनाथ मेजवान्यांची वर्णने घेऊन सुखरूप परतला, आणि शेणवीने दुभाषेपण सोडिले. सिलवेस्तर अखबारनवीस भाद्रपद शुद्ध नवमीस, शिळा पडली त्याच दिवशी तिसरे प्रहरी, मृत्यू पावला.