रिकामी डिश

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सेमिनार, बाहेरगावचे परीक्षक येणार, आणि हिमानी गिरडकरची रिकामी डिश चमकत होती.

हिमानी नागपुरातल्या एका कॉलेजात पीएचडी करत होती. औषधाला दाद न देणाऱ्या कॅन्सरच्या पेशींमध्ये कॅल्शियम किती असतं, हे ती तीन वर्षं मोजत होती. पेशींवर एक रंग घालायचा. जिथे कॅल्शियम जास्त, तिथे तो हिरवा चमकतो. तिच्या हट्टी पेशी छान चमकायच्या आणि त्या चमकीवरच सगळा प्रबंध उभा होता. आज तिनं एक पेशीही नसलेल्या डिशमध्ये नुसतं पेशी ठेवायचं द्रावण आणि रंग घालून पाहिला, तर तीही तशीच हिरवी चमकली. ही तपासणी खरं तर पहिल्याच वर्षी करायची असते.

तिनं रंगाची नवी बाटली फोडली. चमक तीच. मायक्रोस्कोप बंद करून पुन्हा लावला, तरी तीच. मग प्रयोगशाळेतल्या शालिकरामभाऊंना तिनं द्रावणाच्या बाटल्या पुन्हा धुऊन द्यायला सांगितल्या. शालिकरामभाऊ कामाला चोख. त्यांनी दोनदा धुतल्या. त्यांत नवं द्रावण केल्यावर डिश आता दुप्पट चमकू लागली.

शेजारच्या प्रयोगशाळेतल्या मिनलनं दिलेल्या बाटलीतलं द्रावण मात्र काळंकुट्ट दिसलं. तेव्हा हिमानीनं शालिकरामभाऊंना, बाटल्या नेमक्या कशा धुता, असं विचारलं.

"डिस्टिलच्या पाण्यानं बाटली बुळबुळ करते, मॅडम. साबण गेल्यासारखाच वाटत नाही. म्हणून शेवटी मी तिले बोअरचं पाणी मारतो. काहून, काही झालं का?"

त्याच बोअरच्या पाण्यानं हॉस्टेलच्या गिझरमध्ये दरवर्षी कॅल्शियमचा पांढरा थर साचायचा. तीन वर्षं आपण कॅन्सर मोजत होतो की कॉलेजची बोअरवेल, हेच हिमानीला कळेना.

लपवावं, असं एकदा मनात आलं. पण रात्रभर ते पेलवणार नाही हे ओळखून ती सरळ आपले गाइड डॉ. काळबांडे यांच्याकडे गेली आणि तिनं रडत रडत सगळं सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. संशोधनात असं व्हायचंच, वर्षभरात पुन्हा मोजून काढू, असं ते समजुतीनं म्हणाले. मग सहज त्यांनी शालिकरामभाऊंना बोलावून, हे केव्हापासून चाललंय, ते विचारलं.

"लय दिवस झाले, सर. तुमी इथं पीएचडी करून राहिले होते ना, तवापासून."

सरांचा प्रबंधही याच पेशींवर होता. त्यावरच त्यांना ही खुर्ची मिळाली होती.

शालिकरामभाऊ गेल्यावर सरांनी दार लोटून घेतलं. "तुमच्या वेळी रिकामी डिश लावली होती का, सर?" हिमानीनं अगदी हळू विचारलं.

"परीक्षकांना कळव," सर म्हणाले. "म्हणावं, उद्या येऊ नका, गाइडची तब्येत बरी नाही."

हिमानीनं त्यांच्या पांढऱ्याफटक पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि निःशंक मनानं फोन लावला.