कोरड्या दोऱ्याचं प्रमाणपत्र

आत फारसं काही नसलं, की कातडीवर भागवावं लागतं. माणसांच्या बाबतीत हे सत्य जुनंच आहे. रबरी दोऱ्यांच्या बाबतीत ते सिद्ध करण्याचा मान दोरा-तपासणी खात्याच्या मोठ्या साहेबांना मिळाला.

प्रकार सोपा आहे. पाण्याचा थेंब ज्या ओढीने स्वतःला आवळून गोल होतो, तीच ओढ मऊ दोऱ्याच्या पृष्ठभागालाही असते. जाड दोरा तिला भीक घालत नाही. पण दोरा केसाहून पुष्कळ बारीक झाला, की आत माल नाममात्र उरतो, ताणाला ही वरवरची ओढच अडवते आणि दोरा भलताच चिवट भासतो. ओला झाला, की ओढ सुटते आणि दोऱ्याची मिजास उतरते. साहेबांना हे पक्कं ठाऊक होतं. (पदवी यावरच मिळवलेली.) म्हणून त्यांनी सगळ्या चाचण्या कोरड्या घेण्याचा नियम केला. तपासणीच्या खोलीत पाण्याचा पेला आणायलासुद्धा बंदी झाली.

निकाल डोळे दिपवणारे आले. दोरा जितका बारीक, तितका चिवट. या हिशेबाने सर्वोत्तम दोरा म्हणजे नसलेला दोरा. पण तो रिळावर गुंडाळायचा कसा, एवढ्याच अडचणीपायी खातं जरा अलीकडे थांबलं. डोळ्याच्या टाक्यांना हा दोरा सक्तीचा झाला. टाके ढिले पडल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा खात्याने रीतसर पाहणी केली. शंभर टक्के तक्रारदारांचे डोळे ओले आढळले. दोष अर्थातच डोळ्यांचा ठरला.

मग साहेबांच्या आईच्याच डोळ्याला टाके घालायची वेळ आली. साहेबांनी डॉक्टरीणबाईंना बाजूला घेतलं.

"जुना जाडा दोरा असेल ना थोडासा?"

"तुमच्याच सहीने बंद झाला की तो," बाई म्हणाल्या.

ऑपरेशन झालं. साहेब खाटेला चिकटून बसले. "आई, काही झालं तरी रडायचं नाही हं."

"रडू कशाला, बाळा? नर्स सांगत होती, सगळीकडे तुझ्याच सहीचा दोरा चालतो," म्हातारी म्हणाली, आणि कौतुकाने तिचे डोळे भरून आले.

साहेबांनी घाईघाईने रुमाल काढला. (कोरडा होता.) तोवर टाका सुटला होता. त्या डोळ्याने म्हातारीला आता दिसत नाही. खात्याने तातडीने पाकिटावर सूचना छापली: आनंदाश्रूंची जबाबदारी खात्याची नाही.

तुम्हाला साहेबांचा राग आला असेल. येऊ द्या. पण तुमच्या घरात कुणाला टाके पडले, तेव्हा दोरा ओला करून बघा म्हणून तुम्ही तरी कुठे सांगितलंत? शिक्का बघून मान डोलावलीत.