काकडीवरचा आरोप

"खाऊन जा रे लेका, भूक वाटेत भेटते,
ओळख ना पाळख, तरी मिठीच मारते."

मी भाड्याची सायकल घेऊन निघालो की आई दारात येऊन हे म्हणायची. तिला यमक जन्मजात होतं. रागावली तरी सुटत नसे. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो आणि भूक मला वाटेत कधी भेटली नाही, कारण वाटेत जे दिसेल ते मी खात होतो.

पुढे वय वाढलं आणि मनुष्यजातीला उशिरा कळणारं सत्य मलाही कळलं : माणसाचा शत्रू त्याच्या ताटातच मांडी घालून बसलेला असतो. तो कोणत्या वाटीआड लपलाय, एवढंच शोधायचं उरतं.

मी वजनमापे कार्यालयात निरीक्षक आहे. दुकानदारांचे तराजू तपासतो, खोटी वजनं जप्त करतो. (घरच्या काट्यावर मी स्वतः उभा राहतो, तेव्हा दोष काट्याचा असतो.) बावन्नाव्या वर्षी सायकल घेतली आणि आमच्या भागातल्या सायकल मंडळाची परीक्षा देऊ लागलो : साडेतेरा तासांत दोनशे किलोमीटर. दोनदा नापास झालो. दोन्ही वेळा शंभरीच्या आसपास पोटात मुरडा उठला आणि मी मागून येणाऱ्या गाडीत सायकलीशेजारी आडवा होऊन परतलो. मंडळाच्या खोलीत उत्तीर्णांचे फोटो लावतात. भिंतीवर बावीस फोटो होते आणि एक रिकामा खिळा. खिळा माझा. मंडळाच्या कप्तानांनी मोठ्या मनानं तो आगाऊ ठोकला होता. दर रविवारी सगळे त्या खिळ्याकडे बघत, मग माझ्याकडे, मग विषय बदलत.

मला त्या खिळ्यावर टांगलं जायचं होतं. दुसरी कसलीच महत्त्वाकांक्षा उरली नव्हती.

म्हणून आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी तीन मिनिटं ऐकून घेतलं आणि वर्ज्य-आहार लागू केला. पद्धत अत्यंत न्याय्य आहे. आधी सगळ्या पदार्थांवर संशय घ्यायचा, सगळ्यांना हद्दपार करायचं, मग तीन-तीन दिवसांनी एकेकाला परत बोलावून साक्ष घ्यायची. (आमच्या खात्यातही असंच चालतं, फक्त आम्ही परत बोलावत नाही.) सोबत एक तक्ता मिळाला. त्यात 'काय खाल्लं' आणि 'काय झालं' असे दोन रकाने होते. 'कुठे झालं' असा रकाना नव्हता, म्हणून मीही ते भरलं नाही.

पहिल्या यादीत बारा पदार्थ होते. गहू, दूध, साखर, दाणे वगैरे, आणि चहा. सरावाला गेलो, नव्वदाव्या किलोमीटरला मुरडा. यादी एकवीसवर गेली. मुरडा. तेहतीस. मुरडा.

"बाई, आता उरलं काय?"

"तांदूळ, बटाटा, मीठ, काकडी," बाई म्हणाल्या, "आणि इच्छाशक्ती."

पाणी निर्दोषच असतं, त्यामुळे त्याची चौकशी झाली नाही. माझी निळी बाटली पहिल्या दिवसापासून माझ्यासोबत होती.

लांबच्या पल्ल्यात दर तासाला काहीतरी पोटात जावं लागतं, नाहीतर पाय राजीनामा देतात. इतर सभासद केळी, खजूर, चॉकलेट खात. मी उकडलेल्या बटाट्याच्या चाळीस-चाळीस ग्रॅमच्या फोडी पाठीवरच्या खिशांत भरून नेई. उन्हानं त्या पुन्हा शिजत. एकदा एक कुत्रं पाच किलोमीटर मागे आलं. ते भुंकत नव्हतं, नुसतं पाठीकडे मायेनं बघत होतं. इतक्या एकनिष्ठेनं कोणीही माझ्यामागे आलेलं मला आठवत नाही.

तोलमापासाठी मला स्वयंपाकघरात बसणं भाग पडलं. ओट्याशेजारी स्टूल ठेवलं, हातात तक्ता घेतला आणि बायकोची चौकशी सुरू केली.

"यात काय घातलंस?"

"मीठ."

"किती?"

"हाताला येईल तेवढं."

"हात हे प्रमाणित माप नाही."

"मग जप्त करा," ती म्हणाली आणि हात पुढे केला. मी तो तपासला. हळदीचा होता. (तक्त्यात हळद : वर्ज्य, क्रमांक सतरा.)

असे दोन महिने गेले. तिसऱ्या परीक्षेच्या आठवड्यात बाईंनी काकडीही बंद केली. यादी चौतीस.

त्या रविवारी शंभरावा किलोमीटर आला आणि गेला. मुरडा नाही! एकशे चाळीसला भूक मात्र खरंच वाटेत भेटली, आई म्हणायची तशी, ओळख ना पाळख. मी तिला दोन फोडी दिल्या आणि तशीच कडेवर घेऊन निघालो. तेरा तास नऊ मिनिटं. खिळ्यावर फोटो लागला. फोटोत मी हसतोय आणि गालाला बटाटा आहे.

सत्काराच्या भाषणात मी गुन्हेगाराचं नाव जाहीर केलं : काकडी. मंडळातल्या सतरा जणांनी जागच्या जागी काकडी सोडली. महिन्याभरात अकरा जणांना बरं वाटू लागलं, चौघांना फारच बरं वाटू लागलं आणि उरलेले दोघे मुळात काकडी खात नव्हते, पण त्यांनाही फरक जाणवला.

मग साक्षी सुरू झाल्या. तीन दिवस गहू : निर्दोष. तीन दिवस दूध : निर्दोष. साडेतीन महिन्यांत चौतीसच्या चौतीस सुटले. शेवटी काकडी आली. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ खाल्ली, शंभर किलोमीटर जाऊन आलो. तीही सुटली.

बाईंनी तक्ता दोनदा वाचला. "म्हणजे दोषी फार हुशार आहे," त्या म्हणाल्या आणि टप्पा दोनची यादी दिली. तिच्यात एकच ओळ होती : घरी शिजवलेलं अन्न (सर्व). त्याऐवजी पाकिटातली पूड, दिवसातून चार वेळा.

मी स्टुलावर बसून ती ओळ मोठ्यानं वाचली. बायको बटाटे सोलत होती. तिनं सोलणी खाली ठेवली, हात पुसले, पालथी घातलेली निळी बाटली उचलून माझ्यासमोर आदळली.

"ही कधी धुतली होतीत?"

"पाण्याची बाटली? तिला काय धुवायचं? तिच्यात पाणीच तर असतं."

"आधी दोन वर्षं सरबत नेत होतात. चोखायच्या त्या रबराखाली काळी बुरशी धरली होती, बोटभर. तिसऱ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी उघडून बघितलं मी. दात घासायच्या ब्रशनं घासली."

"कोणाच्या?"

"तुमच्या. जुन्या. तेव्हापासून दर शनिवारी घासते. अहो, मुरडा सायकलवरच येतो, ताटावर बसल्यावर कधी आला नाही, एवढं तरी बघायचंत!"

निरीक्षक म्हणून माझी सव्वीस वर्षं सेवा झाली आहे. मी बाटली हातात घेऊन फिरवली. तिच्यावर कुठेच तपासणीचा शिक्का नव्हता.

"मग बोलली का नाहीस?"

ती पुन्हा बटाट्याकडे वळली. साल लांबच लांब निघत होती.

"आधी म्हटलं, परीक्षा होऊ दे. मग म्हटलं, राहू दे थोडे दिवस." सोलणी थांबली. "लग्न झाल्यापासून कधी विचारलं नव्हतंत, यात काय घातलंस म्हणून. हे सहा महिने रोज विचारत होतात. इथं बसून. बरं वाटत होतं मला. पण आता माझा स्वयंपाकच गुन्हेगार ठरवलात, तेव्हा बोलले."

मी तक्ता पुन्हा उघडला. हे भरायला रकाना नव्हता.

"हे लिहून काढतो," मी म्हणालो. "लोकांचे डोळे उघडतील."

"लिहा की," ती म्हणाली. "पण बघा, वाचून एकही जण उठून आपली बाटली हुंगायचा नाही. सगळे त्या बाईंचा पत्ता विचारतील."